शिवणीतली माया

"हात सैल सोडा, ताई. श्वास ओढून धरू नका, माप खोटं येतं."

टेप पाठीवरून फिरला, काखेखालून पुढे आला. तिच्या चिमटीत दोन्ही बाजू जुळल्या. "अडतीस," ती पुटपुटली आणि वाकून लांबट वहीत आकडा टिपला. मग खांदा, मुंढा, बाहीचा घेर, पुढचा गळा, मागचा गळा. कटोरी की चार टक्स? अस्तर लावायचं? हूक पुढे की मागे? छावणीतल्या एका गल्लीत, आठ बाय दहाच्या दुकानात मी ब्लाउज शिवायला उभी होते. ब्लाउज हे निमित्त होतं आणि ते तिलाही ठाऊक होतं.

संपादकांचा फोन श्रावणात आला होता. यंदाच्या अंकाचा विषय 'अंग'. "कॉस्मेटिक सर्जरीवर लिहा, पण मुंबई-पुण्याचं नको. आपल्या गावात काय चाललंय ते बघा." मी हो म्हटलं आणि मनात लेख जवळजवळ लिहूनच टाकला. त्यात पैसेवाल्या घरातल्या बायका होत्या, लग्नसराई होती, मोबाइलमधले फोटो होते आणि शेवटी चार शहाणपणाचे शब्द. फिजिओथेरपी करणाऱ्या मैत्रिणीला हे बोलले तर ती म्हणाली, "छावणीत एक बाई ब्लाउज शिवते. तिला भेट, मग लिही."

सगळी गल्ली तिला वहिनी म्हणते. मीही वहिनीच लिहिते, कारण नाव छापायचं नाही हा तिचा पहिला आणि एकमेव करार होता. वय सत्तेचाळीस, दोन मुलं. एकोणीस महिन्यांपूर्वी तिनं छाती लहान करून घेण्याची शस्त्रक्रिया केली.

पुलापलीकडे

खाम नदीवरचा लोखंडी पूल ओलांडला की मराठवाड्यातल्या आमच्या शहराचा नूर बदलतो. झाडं मोठी होतात, रस्ते सरळ होतात, बंगल्यांना आवारं येतात. हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या पैशावर आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत चालणाऱ्या फौजेच्या काळापासूनचं हे लष्करी ठाणं. १८५७ साली इथल्याच घोडदळात बंड झालं. त्यातल्या शिपायांना जिथं देहदंड दिला तो काळा चबुतरा क्रांती चौकात आजही आहे. पण छावणी म्हणजे नुसतं लष्कर नव्हे. फौजेच्या आसऱ्यानं शिंपी, धोबी, न्हावी, खाटीक, बेकरीवाले आले आणि त्यांच्या गल्ल्या इथं मुरल्या. गुरुवारी आठवडी बाजार भरतो. त्या दिवशी वहिनीचं दुकान दुपारपर्यंत बंद असतं, कारण बाजाराला आलेल्या खेड्यातल्या बायका माप द्यायला येतात त्या उन्हं कलल्यावर.

तिचे सासरे वर्दी शिवायचे. त्यांचं काळं मशीन अजून दुकानात आहे, आता त्याला मोटर बसवलीय. "मामंजी म्हणायचे, शिपायाचं माप सोपं. सगळ्यांची छाती पुढं आणि पोट आत," वहिनी हसते. "बायकांचं माप अवघड. दर बाळंतपणाला बदलतं."

बायका जुने ब्लाउज घेऊन येतात आणि विचारतात, माया आहे का आत? माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड. अंग भरलं की उसवून वाढवता यावं म्हणून ठेवलेलं. चांगला शिंपी दोन्ही कुशीत इंच-इंच माया सोडतो. हा शब्द मी लहानपणापासून ऐकलाय, पण त्यात दुसरा शब्द लपलेला आहे हे मला वहिनीच्या दुकानात बसल्यावर जाणवलं. तिला सांगितलं तर म्हणाली, "आम्हाला कुठं वेळ असा विचार करायला."

'गॅप'

मशीनवर मान खाली घालून दिवसाला सहा-सात ब्लाउज. तिशीत खांदे भरून यायला लागले. दुसऱ्या बाळंतपणानंतर छातीचं माप बेचाळीस झालं, मग चव्वेचाळीस, मग सेहेचाळीस. कमरेचं माप त्या प्रमाणात वाढलं नाही. आपले ब्लाउज ती स्वतःच शिवायची, त्यामुळे हा हिशोब तिच्या वहीत तारीखवार आहे.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. मणक्यात 'गॅप' निघाला. आपल्याकडे चाळिशीतल्या प्रत्येक बाईच्या मणक्यात तो निघतोच. पट्टा मिळाला, गोळ्या मिळाल्या, शेक मिळाला. दुसऱ्यांनी वजन कमी करायला सांगितलं. तिनं सात किलो कमी केलं. गाल बसले, हात वाळले, छाती तशीच राहिली. ब्रेसियरच्या पट्ट्यांनी दोन्ही खांद्यांवर घळी पडल्या होत्या. ती सदऱ्याचा गळा जरा बाजूला करून दाखवते: बोटाच्या पेराएवढी खोल, काळपटलेली पन्हळ. शस्त्रक्रियेला दीड वर्ष उलटलं, तरी ती पूर्ण भरलेली नाही.

उन्हाळा सगळ्यात वाईट. एप्रिल-मेमध्ये छातीखालच्या घडीत घाम साचायचा, कातडी सोलवटायची, वास यायचा. "गिऱ्हाइकाच्या जवळ जायला लाज वाटायची. माझं कामच अंगाला अंग लावून माप घेण्याचं." तिथं ती सुती रुमालाची घडी घालून ठेवायची, दिवसातून तीनदा बदलायची. दर वर्षी मलम आणायची. तिसऱ्या वर्षी त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मी तुम्हाला आणखी दहा वर्षं मलम देऊ शकते. पण तुम्हाला सर्जनची गरज आहे."

"मला वाटलं, कॅन्सर सांगतात," वहिनी म्हणते. "घरी येईपर्यंत पोरांची सोय कशी लावायची तेच डोक्यात."

दिवसाउजेडीचा शब्द

हा लेख लिहिताना मला सारखी एक अडचण आली. या अवयवाला मराठीत रोजच्या बोलण्यातला शब्द नाही. 'स्तन' डॉक्टरांचा आणि पाठ्यपुस्तकाचा. 'थान' गोठ्यातला, किंवा गावाकडच्या आजीचा. बाकीचे शब्द टवाळांचे. बायका आपसात बोलतात तेव्हा 'अंग' म्हणतात. मूल अंगावर पितं, दूध अंगावरचं असतं, ते एक दिवस तोडायचं असतं. दुखत असेल तर 'इथं वर दुखतंय' म्हणून हात हवेत फिरवायचा. जे अंगच आहे, त्यातला तेवढाच भाग दुखतोय हे सांगायचं कसं? दहा वर्षं वहिनीनं 'मान दुखते' असंच सांगितलं आणि दहा वर्षं तिच्या मानेवरच उपचार झाले.

सासूबाई मात्र स्पष्ट बोलल्या. वय चौऱ्याहत्तर. मी गेले तेव्हा त्या दुकानाच्या पायरीवर लसूण सोलत होत्या. "दोन लेकरं पाजली म्हणून ओघळलं. आमचं नाय ओघळलं? आम्ही गेलो का कापायला?"

पाजल्यानं ओघळतं ही समजूत फक्त आपल्याकडची नाही, जगभर आहे. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातले प्लास्टिक सर्जन ब्रायन रिंकर यांनी २००७मध्ये ती तपासली. त्यांच्याकडे छातीच्या शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या बऱ्याच आया दोष अंगावर पाजण्याला द्यायच्या. तपासात तो टिकला नाही. वय, किती वेळा दिवस गेले, मुळात छाती किती मोठी होती, बाई धूम्रपान करते का, यांचा संबंध दिसला. पाजण्याचा दिसला नाही. गरोदरपणात ग्रंथी फुगतात, कातडी आणि आतले आधाराचे धागे ताणले जातात, आणि मग मूल अंगावर प्यालं काय किंवा बाटलीनं, ताण पडायचा तो पडून गेलेला असतो. सासूबाईंना हे सांगितलं. त्यांनी लसणीची पाकळी दाताखाली धरली आणि म्हणाल्या, "मग चांगलंय की. पाजा म्हणावं सगळ्यांनी."

नाक आणि छाती

प्लास्टिक सर्जरी हा शब्द या शहराला नवा नाही. मूळचे पंढरपूरचे, पुढे न्यूयॉर्कला राहिलेले डॉ. शरदकुमार दीक्षित वर्षानुवर्षं भारतात येऊन मोफत शिबिरं घ्यायचे, त्यांत आपलं शहरही होतं. दुभंगलेले ओठ, पडलेल्या पापण्या, चेहऱ्यावरचे व्रण. २०११मध्ये ते गेले. त्यांच्या शिबिराबद्दल इथं कुणालाही विचारा, आवाजात आदरच येतो. पोरीचा ओठ शिवला, तिचं लग्न झालं. ते पुण्याचं काम होतं. 'कॉस्मेटिक' म्हटलं की तोच आवाज बदलतो.

या विद्येचा एक धागा महाराष्ट्रात आहे आणि तो फौजेतूनच जातो. १७९२च्या लढाईत इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा माणूस टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ला त्याची हकिगत छापून आली. त्यात तो शेतकरी जातीतला मराठा असल्याचं म्हटलं आहे. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं त्याला नवं नाक बसवलं. आधी मेणाचं नाक चेहऱ्यावर जुळवून पाहिलं, ते सपाट करून कपाळावर ठेवलं, भोवती रेघ ओढली आणि तेवढं कातडं सोडवून, मुळाशी जोडलेलं ठेवून, खाली वळवलं. त्या कारागिराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. ते वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यूनं १८१४मध्ये एका लष्करी अधिकाऱ्यावर तीच युक्ती केली. पुढे पहिल्या महायुद्धात हॅरल्ड गिलिज यांनी फाटलेल्या चेहऱ्यांच्या सैनिकांवर काम केलं आणि आधुनिक प्लास्टिक सर्जरी उभी राहिली.

वहिनीला मी मेणाच्या नाकाची गोष्ट सांगितली. तिला तंत्रच पहिलं कळलं. "म्हणजे कागदावर कटिंग काढून घेतलं आधी. आणि कापड कापताना एका बाजूनं जोडलेलं ठेवलं, नाहीतर सुटून वाया जातं."

सैनिकाला नाक हवं तर ती हौस आहे असं कुणी म्हटलं नाही. नाकाशिवायही श्वास घेता येतो, जेवता येतं. तरी सगळ्यांना पटलं की नाक पाहिजे, कारण माणूस माणसात वावरतो. आईच्या छातीपाशी आलं की हा समजूतदारपणा संपतो.

छातीत सिलिकॉन बसवून घेणारी जगातली पहिली बाईही सहा मुलांची आई होती. टिमी जीन लिंडसी, ह्यूस्टन, टेक्सस, १९६२. ती छातीवरचं गोंदण काढायला धर्मादाय इस्पितळात गेली होती. डॉक्टर फ्रँक गेरो आणि थॉमस क्रोनिन तेव्हा सिलिकॉनच्या पिशवीचा प्रयोग करत होते. ही कल्पना गेरोला रक्ताची प्लास्टिक पिशवी हातात दाबताना सुचली असं सांगतात. त्यांनी तिला विचारलं. तिला खरी खंत होती ती बाहेर आलेल्या कानांची. कान मागे बसवून देणार असाल तर हे पण करा, असा तो सौदा झाला. त्यापुढचा इतिहास कोर्टकचेऱ्यांचा आहे. अमेरिकेनं १९९२मध्ये सौंदर्यासाठीच्या सिलिकॉनवर निर्बंध आणले आणि २००६मध्ये उठवले. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीनं गाद्यांच्या दर्जाचं सिलिकॉन भरल्याचं २०१०मध्ये उघड झालं. पण मला त्या कानांचंच कौतुक वाटतं. तिला काय हवंय हे विचारायच्या आधी तिच्या छातीचं काय करायचं ते ठरलेलं होतं.

जालना रोडवरची काच

संपादकांना शब्द दिला होता म्हणून जालना रोडच्या बाजूच्या एका चकचकीत दवाखान्यातही जाऊन बसले. आत गारवा, लिंबाचा वास, भिंतीवर 'मॉमी मेकओव्हर'चा फलक. पोटाची सैल कातडी काढणं, चरबी ओढून घेणं आणि छाती उचलून किंवा भरून देणं, तिन्हीचं मिळून पॅकेज. डॉक्टरांच्या आधी समुपदेशक भेटतात. पंचविशीची चुणचुणीत मुलगी. "मॅम, बाळंतपणाआधीची बॉडी परत!" हप्ते पाडून मिळतात. माझ्या हाती तिनं सिलिकॉनचा गोळा ठेवला. तो गार आणि जड होता, दाबला की हळूहळू पूर्ववत होणारा. उकडीच्या मोदकाचं पीठ हातात घेतल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याचं लगेच ओशाळवाणंही वाटलं.

हा गोळा जन्मभर टिकत नाही, भोवती कडक आवरण धरू शकतं, पुढे बदलावा किंवा काढावा लागतो, हे तिनं विचारल्यावरच सांगितलं. मी बाहेर पडले तेव्हा एक बाई कडेवर वर्षा-दीड वर्षाचं मूल घेऊन आत येत होती. मुलाच्या मुठीत तिचं मंगळसूत्र होतं. तिला थांबवून विचारायचा धीर मला झाला नाही. तिच्याबद्दल मी मनात जे लिहून ठेवलं होतं ते तरी मी खोडलं.

वहिनीनंही आधी अशाच एका ठिकाणी चौकशी केली होती. पुढे त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी दुसरं नाव दिलं. तिथल्या सर्जन बाई एम.सीएच. केलेल्या; सर्जरीच्या पदव्युत्तर पदवीवर प्लास्टिक सर्जरीचं स्वतंत्र तीन वर्षांचं शिक्षण. हे तपासायचं असतं हे वहिनीला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं.

दोन कागद

तिनं मशीनच्या खणातून दोन कागद काढले. दोन ठिकाणचे खर्चाचे अंदाज. शस्त्रक्रिया एकच. पहिल्यावर 'कॉस्मेटिक' असं लिहिलेलं आणि खाली अठरा टक्के जीएसटी. दुसऱ्यावर मानदुखी, खांद्यावरच्या घळी, वारंवार होणारा त्वचेचा संसर्ग अशी नोंद, आणि कर नाही.

कायदा असा आहे: वैद्यकीय सेवेला जीएसटी लागत नाही, केशरोपण आणि सौंदर्यासाठीची किंवा प्लास्टिक सर्जरी त्या सवलतीतून वगळलेली आहे, पण जन्मजात व्यंग, वाढीतला दोष, इजा किंवा अपघात यांमुळे बिघडलेली रचना वा कार्य पूर्ववत करायचं असेल तर पुन्हा सवलत. या यादीत बाळंतपण नाही. दोन मुलं पोसून झालेला बदल हा दोष म्हणायचा, इजा म्हणायची की काहीच नाही, हे बिल करणाऱ्याच्या समजुतीवर.

घरचा आरोग्य विमा होता. विमा नियामकानं सगळ्या कंपन्यांसाठी ठरवून दिलेल्या अपवादांत आठव्या क्रमांकावर सौंदर्य व प्लास्टिक सर्जरी आहे. अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, किंवा तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका टाळण्यासाठी लागणारं काम एवढंच चालतं. वहिनीचा धोका थेट होता, तातडीचा नव्हता. दहा वर्षं चाललेलं दुखणं तातडीचं कसं असेल? दावा फेटाळला.

तमिळनाडूनं या प्रश्नाला २०१८मध्ये वेगळ्या बाजूनं हात घातला. चेन्नईच्या सरकारी स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालयात छाती लहान किंवा मोठी करण्याची शस्त्रक्रिया गरिबांना मोफत सुरू केली. त्यावर टीका झाली: औषधं पुरत नाहीत आणि ही थेरं कशाला? टीका अगदीच चूक होती असंही मी म्हणणार नाही. पण त्या रांगेत खांदे दुखणाऱ्या बायकाही होत्या.

पैसे शेवटी भिशीतून उभे राहिले. गल्लीतल्या अठरा बायकांची भिशी. वहिनीनं आपला नंबर आधी मागून घेतला. मालवाहू रिक्षा चालवणाऱ्या नवऱ्यानं उरलेले घातले. तो एकच वाक्य बोलला म्हणे: "मशीन दुरुस्त करतोच की आपण."

मिश्री

सर्जन बाईंनी पहिल्या भेटीत विचारलं, तंबाखू? नाही. दुसऱ्या भेटीत विचारलं. नाही. तिसऱ्यांदा विचारलं, "मिश्री लावता?" वहिनी गप्प.

पहिल्या बाळंतपणात दात ठणकत होते म्हणून सासूबाईंनीच सवय लावली होती. मराठवाड्यात हे घराघरांत आहे आणि बायका त्याला तंबाखूत धरतच नाहीत. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. या शस्त्रक्रियेत स्तनाग्र एका देठावर जोडलेलं ठेवून वर नव्या जागी बसवतात. देठातला रक्तपुरवठा आटला तर ते काळं पडून गळू शकतं. डॉक्टरांनी तारीख महिनाभर पुढे ढकलली. "ऑपरेशनपेक्षा तो महिना अवघड गेला," वहिनी म्हणते. सुनेबरोबर सासूबाईंनीही डबी बंद ठेवली. त्यांनी ती नंतर पुन्हा उघडली, वहिनीनं नाही. चाळिशी उलटलेली म्हणून मॅमोग्राफी झाली, साखर तपासली.

त्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी तिला उभं करून जांभळ्या पेननं रेघा आखल्या. आडवं झाल्यावर छाती पसरते, माप चुकतं, म्हणून आखणी उभ्यानंच होते. गळ्याखालच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंत टेप लावला. चौतीस सेंटिमीटर, साधारण वीस-एकवीस असायला हवं.

"मी म्हणलं, मॅडम, माझा डावा खांदा खाली आहे. मशीनवर बसून झालाय. त्या हिशोबानं धरा, नाहीतर एक बाजू वर येईल." डॉक्टर थांबल्या, मागे सरकून पाहिलं, हसल्या आणि डावीकडची रेघ पुसून परत आखली.

मग तिनं कुलपाच्या भोकासारखी आकृती पाहिली आणि तिला ती ओळखीची वाटली. कटोरीचं कटिंग! ओळखीची वाटली यात नवल नाही. या आखणीला वाइज पॅटर्न म्हणतात. अमेरिकेतल्या रॉबर्ट वाइज यांनी ती १९५६मध्ये मांडली आणि तिचा आकार त्यांनी ब्रेसियरच्या कटिंगवरूनच घेतला होता. खालची पाचर काढायची, दोन्ही पाख्या मध्ये आणून शिवायच्या, की सपाट कापडाला उभार येतो. शिंपी यालाच टक्स घालणं म्हणतात.

साडेतीन तास लागले. दोन्हींकडून मिळून सव्वा किलो निघालं. ते तपासणीसाठी प्रयोगशाळेत गेलं, जातंच.

"दुसऱ्या रात्री मला रडू आलं," ती म्हणते. "दुखत होतं म्हणून नाही. ते बाटलीत घालून नेलं ना. पोरगी सात महिन्यांची जन्मली होती, एवढीशी. वाचणार नाही म्हणले होते. त्यावरच जगली ती." ती थांबते, काजाचा धागा दातानं तोडते. "सकाळी तीच पोरगी माझे केस विंचरत होती. माझा हात वर जात नव्हता. मग काय रडायचं."

गाठ

शेजारी काय सांगायचं, हा प्रश्न शस्त्रक्रियेपेक्षा मोठा होता. घरात ठरलं की 'गाठ काढायची' असं सांगू. गाठीला कुणी नावं ठेवत नाही. नुसती सहानुभूती आली नाही, डबे आले, नारळपाणी आलं, कुणी क्राइस्ट चर्चमध्ये मेणबत्ती लावली, समोरच्या खालांनी दुआ मागितली. वहिनी सहा आठवडे घट्ट आधाराची ब्रेसियर घालून पलंगावर पडून खोटी आजारी होती. म्हणजे दुखणं खरं, कारण खोटं.

चौथ्या आठवड्यात खालांची सून आली. दार लावून घेतलं. "भाभी, आपकी गाँठ कैसी थी? कडक थी क्या?" आणि वहिनीचा हात धरून आपल्या काखेजवळ नेला.

"हाताला लागली. लिंबाएवढी. मला घाम फुटला. आता हिला मी काय सांगू, माझी कशी होती? नव्हतीच तर."

तिनं सगळं खरं सांगितलं. सून आधी चिडली, मग हसली, मग रडली. दुसऱ्या दिवशी दोघी रिक्षानं आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात गेल्या, एक टाके सांभाळत आणि दुसरी धसका घेऊन. सुई घालून तपासणी झाली. गाठ साधी निघाली. वहिनीचं गुपित गल्लीत चार दिवसांनी फुटलं. "चार दिवस ठेवलं, हेच खूप," ती म्हणते.

मग पंधरा दिवस गल्ली तिच्याशी नीट बोलली नाही. सौंदर्याची सर्जरी केली यापेक्षा नारळपाणी फुकट प्यालं, याचा राग जास्त होता. भिशीतल्या एकीनं तर 'आमच्या पैशानं' म्हणून सुनावलं. सासूबाईंनी तिला पायरीवरूनच हाकललं: "तिचा नंबर होता, तिनं घेतला. तू तुझ्या नंबरात फ्रीज आणलास, आम्ही विचारलं?"

त्याच रुग्णालयातल्या बायकांशी वहिनीचं नातं आधीपासूनचं. एक बाजू काढून टाकलेल्या बायका तिच्याकडे येतात. बाजारात मिळणारा सिलिकॉनचा आकार महाग, उन्हाळ्यात अंगाला चिकटणारा. वहिनी मलमलीची वाटी शिवते, आत मोहरी भरते आणि ब्लाउजच्या अस्तराला आतून खिसा लावते. कापूस का नाही, विचारलं. "कापूस हलका. एक बाजू जड, एक हलकी राहिली की बाई वाकडी होते. वजन पाहिजे." किती मोहरी, हे ती तराजूवर ठरवत नाही, बाईला उभं करते, खांदे पाहते आणि चिमटीचिमटीनं घालते. धुवायच्या आधी उसवून मोहरी काढायची, वाळवायची, परत भरायची. पैसे घेत नाही. याला कॉस्मेटिक म्हणायचं का, हे तिला कुणी विचारलेलं नाही.

वही

सगळं गोड नाही. डावीकडचा व्रण जाड राहिलाय आणि ढगाळ हवेत खाजतो. उजव्या स्तनाग्राला स्पर्श कळत नाही. हे होऊ शकतं असं आधी सांगितलं होतं, पण "सांगणं वेगळं आणि नसणं वेगळं." मान अजून दुखते, रोज नाही. उन्हाळ्यात रुमाल लागत नाही. गेल्या मेमध्ये ती पाचवीनंतर पहिल्यांदा पळाली, नवऱ्याच्या रिक्षामागे, डबा द्यायचा राहिला म्हणून. गल्लीनं पाहिलं. रात्री मुलगा म्हणाला, "आई, तू पळतेस कशी माहितेय? बदकासारखी."

निघताना मी तिचं पान पाहायला मागितलं. वहीत गिऱ्हाइकांची पानं आहेत तसं तिचं स्वतःचंही आहे. बेचाळीस, चव्वेचाळीस, सेहेचाळीस, सगळे निळ्या शाईत. त्याखाली पेन्सिलीनं एकोणचाळीस.

"पेन्सिलीनं का?"

"सूज उतरायला वर्ष लागतं म्हणले होते. वर्ष झालं, पण अजून बदलतं थोडं." जुने ब्लाउज तिनं टाकलेले नाहीत. एक काढून उलटा केला. दोन्ही कुशींत नवी शिवण आत घेतलेली, आणि तिच्या पलीकडे तीन-तीन इंच कापड तसंच दुमडून ठेवलेलं, टाचून.

"एवढं जाड काखेत टोचत नाही?"

"टोचतं," ती म्हणाली आणि ब्लाउज घडी करून खणात टाकला. दारात बाजारातून आलेली एक म्हातारी नातीला घेऊन उभी होती. पिशवीतून मेथीची जुडी बाहेर आलेली. पोर बारा-तेरा वर्षांची, खांदे पुढे ओढून, ओढणी छातीशी धरून.

वहिनीनं टेप गळ्यात टाकला. "ये ग. सरळ उभी राहा. हात सैल सोड."